ओठांतली बटणं

मी शिंपी. मशीनपाशी बसलेली दहा महिन्यांची नात खोकली असती, तर मी वळून पाहिलं असतं. ती गप्प होती. मला वाटलं, शहाणी पोर, आजोबाला काम करू देतेय. कसलं शहाणपण! सून आत आली, पोरीचे निळे ओठ पाहिले, तिला हातावर पालथी घेतली आणि डोकं खाली ठेवून पाठीवर थापा मारल्या. पाचव्या थापेला बटण बाहेर पडलं आणि पोरीनं टाहो फोडला.

"बटण तोंडात घालायला ही शिकली कुठून?" सून रडत म्हणाली. "माझंच लक्ष नव्हतं."

चाळीस वर्षांच्या सवयीनं माझ्या ओठांत तेव्हाही तीन बटणं धरलेली होती.