बंद ब्लोअर

सावनीने टाकीतल्या पाण्याचा नमुना वर काढला आणि तिचं डोकंच फिरलं. पाणी काळं पडलं होतं, कुजका वास मारत होता. रत्नागिरीजवळच्या या आंब्याच्या रसाच्या कारखान्याचं सांडपाणी इथे जिवाणूंकडून साफ व्हायचं. त्यांना जगायला हवा लागते, आणि ती सोडणारा ब्लोअर मुकाट पडला होता. टाकीची तपासणी तिचंच काम, पण हंगामात तिला रसाच्या तपासणीला जुंपलं होतं. इकडे ती आज फिरकली, ५ जूनला, पर्यावरण दिनी.

"काशीरामदादा, हा कधीपासून बंद?"

"हंगामभर रोज बराच वेळ बंद ठेवतो," टाकी सांभाळणारा काशीराम खुशीत म्हणाला. "वीज वाचवायच्या स्पर्धेत आपला विभाग पयला आलाय, मॅडम. आज बक्षीस."

"जिवाणू मेले सगळे. घाण सरळ खाडीत जातेय."

काशीरामचा चेहरा उतरला. गेल्या वर्षी कंपनीने सगळ्यांना खाडीवर नेऊन कांदळाची, म्हणजे खारफुटीची, रोपं लावून घेतली होती. तेव्हापासून तो नुसता नळ गळताना दिसला तरी पोरांवर ओरडायचा. तेव्हा मिळालेला टोपीवरचा हिरवा बिल्ला त्याने एक दिवसही काढला नव्हता.

"आपली कांदळं हायत, तिथं?"

"तिथंच."

"मग मला कुणी सांगितला का नाय? चालू दिसेल ता बंद करा, म्हनले."

सावनी तडक मॅनेजर बेहेऱ्यांकडे गेली. ते समारंभासाठी टाय बांधत होते.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "विजेचा आकडा एवढा उतरला, मी बघणार नाही का? मुंबईहून पाहुणे आलेत. उद्या चालू कर."

"माणसांना खाडीची माया लावलीत, आणि त्याच मायेने खाडी मारून घेतलीत."

"भाषण नको. त्याला पाहुणे आहेत."

ती तशीच परत आली. सगळं ऐकून काशीराम ब्लोअरकडे वळला.

"म्हंजे सायबाला ठावक होता. नि बिल्ला लावून मला गाढव केलान."

दोघं ब्लोअरच्या खोलीत शिरली, आणि त्याने बटण दाबलं. घरघर एवढी वाढली की शेजारच्या शेडमधलं पाहुण्यांचं भाषण बुडून गेलं. सुपरवायझर केरू धावत आला.

"बंद कर, काशीराम. साहेब भडकलेत."

"त्यांना सांग, सोता येऊन बंद करा. माझा हात आता लागायचा नाय."

केरू गेला. सावनी म्हणाली, "एवढ्याने भागणार नाही. जिवाणू परत वाढायला दिवस लागतील. तोवर खाडीकडचा हा व्हॉल्व्ह बंद हवा."

"मग टाकी भरंल. रस काढनं थांबवावा लागंल."

"लागू दे. विचारलं तर माझं नाव सांगा."

"तुमचा कशाला? माझाच सांगीन."

सावनीने खोलीच्या दाराला कडी घातली, तोच थापा पडू लागल्या. बाहेर बेहेऱ्यांचा आवाज होता. दोघांनी मिळून व्हॉल्व्हचं गंजलेलं चाक आवळायला घेतलं.