सभागृहाची गॅलरी

गावचा पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला, तेव्हा मास्तरणीने मुलांना सुट्टी संपेपर्यंत दम धरायला सांगितलं होतं. सुट्टी संपली, पुढचीही येऊन गेली, तरी तलावात पाण्याऐवजी पाचोळाच. निम्मं गाव तिच्या हाताखाली पोहायला शिकलेलं, त्यामुळे भाजी आणायला गेलं तरी तिला तोच प्रश्न. नगरपालिकेत चौकशी केली की ठरलेलं उत्तर मिळे, विषय सभेपुढे आहे.

म्हणून एक दिवस ती सभेलाच गेली. सोबत सासूबाई. त्यांचा एक कान कामातून गेलेला, पण सुनेला एकटं पाठवायला त्यांचं मन घेईना. दाराशी शिपायाने हात आडवा केला. सभा सर्वांना खुली असते हे त्यालाही ठाऊक होतं. पण लोकांनी बसायचं वरच्या गॅलरीत, आणि ती मोडक्या खुर्च्यांनी छतापर्यंत भरलेली. दोघी व्हरांड्यात उभ्या राहिल्या. आत गेलेला चहा गार होण्याआधी सभासद बाहेर आले. सगळे विषय सर्वानुमते मंजूर.

गॅलरी उघडा, असा अर्ज तिने दिला. चिटणीसांनी नम्रपणे कळवलं की गॅलरीची जमीन कमकुवत आहे, लोकांच्या जिवाला धोका आहे. नवरा म्हणाला, आता सोड, आपल्याच भल्याचं सांगताहेत. तिने सोडलं नाही. जमीन कमकुवत आहे असं कोणी तपासून सांगितलं, तो अहवाल तिने माहितीच्या अधिकाराखाली मागितला. बऱ्याच खेट्यांनंतर उत्तर आलं: असा अहवाल उपलब्ध नाही.

मग ती पालिकेच्या अभियंत्याकडे गेली. हा माणूस मोजकं बोलणारा. मला कोणी विचारलंच नव्हतं, एवढंच तो म्हणाला.

"मग आता मी विचारते."

"लेखी विचारा," तो म्हणाला, "म्हणजे मला लेखी सांगता येईल."

तिने तिथेच बसून लिहून दिलं. तो स्वतः वर चढला, खुर्च्यांच्या पायांमधून सरपटत तुळया ठोकून आला आणि त्याने सही करून दिली की जमीन भक्कम आहे, धोका असलाच तर खुर्च्यांच्या ओझ्याचा. आता चिटणीसांना नाही म्हणायला तोंड उरलं नाही. त्यांनी परवानगी दिली, पण खुर्च्या हलवायला माणसं नाहीत म्हणाले. माणसांची ददात नव्हती. रविवारी पोहणाऱ्या मुलांचे आईबाप जिन्यावर रांगेने उभे राहिले आणि खुर्च्या हातोहात अंगणात आल्या. सासूबाई पायरीवर बसून कोणाचा कोपरा झाडायचा राहिला ते सांगत होत्या.

पुढच्या सभेला गॅलरी गच्च भरली. नगराध्यक्ष आत आले, वर बघितलं आणि नेहमीसारखं एका दमात वाचू लागले. सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, जरा मोठ्याने. मला एकच कान आहे, आणि तो तुमच्याकडेच लावलाय."

खालचे सभासदसुद्धा हसले. अध्यक्षांना सावकाश वाचावं लागलं, आणि सावकाश वाचल्यावर विषय सगळ्यांच्या डोक्यात शिरला. तलाव दुरुस्तीपलीकडे गेला असल्याने ती जागा दुकानांसाठी एका कंपनीला दीर्घ मुदतीने द्यायची होती.

खाली मागच्या बाकावरचे एक सभासद, औषधदुकानदार, आजवर सभेत कधी बोललेले नव्हते. ते उठले.

"दुरुस्तीपलीकडे गेला हे ठरवलं कोणी? आणि ही कंपनी कोणाची?"

माहिती नंतर देऊ, अध्यक्ष म्हणाले. दुकानदार खाली बसेनात. त्यांनी अभियंत्याला उभं केलं. तलाव ठणठणीत आहे, फक्त पंप गेलाय, असं त्याने सांगितलं. कंपनीचं विचारल्यावर अध्यक्षांनी चिटणीसांकडे पाहिलं, चिटणीसांनी छताकडे. शेवटी चिटणीसांच्याच तोंडून निघालं की मालक अध्यक्षांचे सख्खे मेहुणे.

हात वर करून मतदान घ्या, दुकानदार धरून बसले. बाजूने एकच हात वर आला, अध्यक्षांचा, तोही कोपरापाशी थांबला. मग विरोधातले हात. एका सभासदाने आधी गॅलरीत पुढेच बसलेल्या बायकोकडे पाहिलं आणि झटकन दोन्ही हात वर केले. त्यातला एक खाली घ्यायला लावावा लागला.

टाळ्या वाजवायला बंदी होती. काय झालं गं, सासूबाई विचारत होत्या. मास्तरणी त्यांच्या चांगल्या कानाशी वाकली.

"आई, जिंकलो."

चौकशी लागली तशी अध्यक्षांनी खुर्ची सोडली. नवा पंप बसला, तलाव भरला, आणि पहिल्या दिवशी मुलांनी एवढा धिंगाणा घातला की तिला शिट्टी फुंकून फुंकून घेरी आली.

त्यानंतरच्या सभेत काही चमचमीत नव्हतं. आता कोण येतंय, असं मनाशी म्हणत ती शिकवणी आटोपून ओल्या केसांनीच गॅलरीत चढली. बसायला जागा नव्हती. एक अनोळखी बाई बाकावर सरकली. आज कशाचा विषय आहे, मास्तरणीने तिला हळूच विचारलं.

"गटारांचा," ती म्हणाली. "म्हणजे आमचाच. बसा."