होल्डवरची बातमी

आमच्या कार्यालयात ‘होल्ड’ हा शब्द चहापेक्षा जास्त चालतो. फोटो आला नाही, पान होल्ड. जाहिरात यायची आहे, कोपरा होल्ड. कुणी मोठा माणूस शब्द फिरवतो, मथळा होल्ड. फोनवर वैतागलेला वाचक असला की तोही होल्डवर. तोंडावर ‘नाही’ म्हणायची लाज वाटते तेव्हाही माणसं होल्डच म्हणतात, हे मला या आठवड्यात कळलं.

बातमी माझीच होती. माझी लेक दीड वर्षाची. पाळणाघरातून आली की मान टाकायची, जेवायला उठवलं तरी डोळे उघडत नसत. सासूबाई म्हणायच्या, किती गुणाचं लेकरू, आणि तुला त्यातही खोट दिसते. मी डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत सर्दीचं औषध सापडलं, गुंगी आणणारं. तिला सर्दी झालीच नव्हती. त्याच दिवशी तिला तिथून काढलं आणि तिथल्या बाकीच्या मुलांच्या आयांना गाठत सुटले. आणखी दोघींनी मुलांची तपासणी करून घेतली, तेच निघालं. मालकीणबाईंना फोन केला, त्यांनी सगळं नाकारलं. तेही बातमीत घातलं. पान तीनवर जागा ठरली, आणि पहिल्या पानावर त्या बातमीकडे बोट दाखवणारी छोटी चौकट.

छपाईआधी संपादकांनी आत बोलावलं. त्या पाळणाघरवाल्यांची पानभर जाहिरात रविवारी येते आहे, हे ते बोलले नाहीत. ते मला जाहिरात विभागातल्या बाईंनी जिन्यात सांगितलं. संपादक एवढंच म्हणाले की मी आई म्हणून लिहिलंय, वार्ताहर म्हणून नाही. डोकं थंड झालं की पुन्हा वाच, तोवर होल्ड. तोवर म्हणजे कधीपर्यंत, विचारलं. बघू, म्हणाले.

“सर, उद्या सकाळी तिथे मुलं जाणार आहेत.”

“ती आजही गेली होती,” ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मी दार आपटून बाहेर पडले. आमच्याकडची रीत अशी की जो बातमी थांबवतो त्यानेच पहिल्या पानाला कळवायचं. पहिलं पान मामा लावतात. सगळ्यांचे मामा, वयाने आणि स्वभावानेही. संपादक पान तीनवर दुसरी बातमी लावायला सांगून थेट जाहिरातवाल्यांकडे गेले. मामांना कुणीच काही सांगितलं नाही.

सकाळी पेपर आला. पहिल्या पानावर ठळक चौकट: ‘पाळणाघरात मुलांना गुंगीचं औषध? वाचा पान तीन.’ पान तीनवर नालेसफाई. चौकटीत पाळणाघराचं नावही नव्हतं. म्हणजे शहरातल्या प्रत्येक आईला धास्ती आणि उत्तर कुठेच नाही.

मी पोचले तेव्हा कार्यालयातले सगळे फोन एकदम वाजत होते. संपादकांनी ऑपरेटरला सगळ्यांना होल्डवर ठेवायला सांगितलं होतं, आणि मला दिलगिरीचा मजकूर लिहायला. ‘तांत्रिक चुकीमुळे’ ही सुरुवातही त्यांनीच करून दिली. मामा माझ्या टेबलाशी आले. चेहरा पडलेला.

“चूक माझ्या पानावर झाली, माझं नाव घाल,” ते म्हणाले. “पण तांत्रिक म्हणू नकोस. यंत्रानं काय घोडं मारलंय कुणाचं?”

मी काहीच लिहिलं नाही. ऑपरेटरच्या टेबलाशी जाऊन चमकणाऱ्या दिव्यांतला एक दाबला. पलीकडे बाई रडत नव्हती, संतापली होती. तिने विचारलं, मी आत्ताच माझ्या मुलाला सोडून ऑफिसला आलेय, तुम्ही लोक नाव का लपवता? मी विचारलं, तुमचं कुठलं पाळणाघर. तिने नाव घेतलं. तेच होतं.

“ताई, आधी मुलाला घेऊन या, डॉक्टरांकडे न्या,” मी म्हटलं. “मी माझ्या मुलीला काढलंय तिथून.”

तिने फोन आपटला. मुलाला आणायला निघाली असणार, मला बरं वाटलं. पुढचा दिवा दाबला.

संपादक दारात उभे राहिले. माझी नोकरी आता त्यांच्या हातात आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. ते म्हणाले, फोन ठेव. मी पाठ फिरवली आणि पलीकडच्या आईला बातमी पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायला लागले, मालकीणबाईंच्या नकारासकट. मामांनी शेजारची खुर्ची ओढली आणि दुसरा फोन उचलला.