मानाच्या गोण्या

शर्यत रंगतदार करायची म्हणे! अरे, शर्यत म्हणजे काय पंगत आहे, की डाळ अळणी झाली म्हणून वरून मीठ भुरभुरायचं? हे वाक्य मी प्रेमचंदशेठच्या तोंडावर बोललो होतो, चार माणसांत बोललो होतो. ऐकतो कोण? माझ्या बोलण्याला गावात मान फार आहे, पण ते ऐकायची पद्धत नाही.

मी हिंमतराव. तापीकाठी शेती करतो, आणि गावच्या खंडेरावाचा भगत आहे. आमच्या यात्रेला बारागाड्या ओढतात. बैल सोडलेल्या बारा गाड्या एकामागे एक बांधायच्या, पुढे हळद माखलेला भगत, आणि त्याच्या दोन बाजूंना आधाराला दोन बगले. गाड्यांवर माणसं चढतात. चढतात कसली, लोंबकळतात! जितका भार जास्त तितका भगताचा मान. ओढण्याआधी भगतानं कपाळाला हात लावून म्हणायचं, "भार फार झाला रे बापांनो," आणि लोकांनी "येळकोट येळकोट जय मल्हार" करत आणखी चार जणांना वर ओढून घ्यायचं. ही रीत माझ्या आजोबांच्या आधीपासूनची. माझी कंबर कामातून गेली, पण गाड्या दरवर्षी वेशीपर्यंत गेल्याच.

यात्रेच्या सकाळी मोटारसायकलींची शर्यतही असते. नदीकाठचं हरभऱ्याचं रान मोकळं झालं की त्यावर रोलर फिरवून गोल रस्ता करायचा, आणि दहा-बारा गड्यांनी आठ फेऱ्या मारायच्या. धानोऱ्याची पोरं येतात, खापरची येतात, अक्कलकुव्याहून तर टेम्पो भरून येतात. आणि त्या सगळ्यांना माझी काजल मागे टाकते. टाकायची, म्हणा आता.

काजल माझी एकुलती एक. नंदुरबारला कॉलेजात जायला म्हणून जुनी गाडी घेऊन दिली, तर ही बया वळणावर गुडघा जमिनीला टेकवायला शिकली! पहिल्या वर्षी ती जिंकली तेव्हा लोकांनी तिला खांद्यावर घेतलं. दुसऱ्या वर्षी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या फेरीलाच लोक उठून जिलेबीच्या दुकानाकडे चालू लागले.

प्रेमचंदशेठच्या जिवाला हे लागलं. शर्यत भरवणारा तो. केळीचा मोठा बागायतदार, मनानं लोण्याचा गोळा, पण मोबाइलवर परदेशातल्या शर्यती बघून बघून डोक्यात किडे पडलेले. मला म्हणाला, "हिंमतभाऊ, लोके कटाळी जातस. काजलच जिकनार शे, हाई सर्वास्ले ठाऊक शे."

"मंग काय पोरनी मुद्दाम हारी जावानं?" मी विचारलं.

"नही रे भाऊ. जरा गंमत टाकू."

आणि गंमत सुरू झाली. एका वर्षी जिंकणाऱ्याला सगळ्यात मागे उभं करून सुरुवात. काजल तरी जिंकली. पुढल्या वर्षी चहाचा थांबा: दर दोन फेऱ्यांनी मांडवापुढे गाडी उभी करायची, हेल्मेट वर करायचं आणि कपभर कढत चहा संपवूनच पुढे निघायचं. पोरांच्या जिभा भाजल्या, लोक हसून हसून लोळले. काजल तरी जिंकली. मग शेवटच्या चहानंतर फवारणीचा ट्रॅक्टर आणून वळणावर पाणी मारायचं ठरलं. काळी माती, खाली टणक आणि वरून ओली. तिच्यावर माणूस चालताना पडतो, तिथे गाडी! तीन पोरं घसरली. काजल पाय टेकत टेकत का होईना, निघाली.

त्या रात्री जेवताना मला म्हणाली, "आबा, हाई शर्यत नही ऱ्हायनी. पण बाहेरना कोनी दखाले उना ते तेले काय दखाडू? आठेच दखाडनं पडी." बाहेरचं कुणी बघायला आलं तर दाखवायला तिच्याकडे दुसरी जागाच नव्हती, हे खरं होतं.

आणि गेल्या वर्षी बाहेरचं कुणी आलंच. पुण्याहून रुचिका मॅडम आल्या. स्वतः शर्यतीत गाडी चालवलेल्या, आता मुलींची टीम बांधत होत्या. काजलचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला होता. त्यांना एकच मुलगी हवी होती. राहणं, शिकवणं, गाडी, सगळं त्यांचं. मॅडम येणार कळल्यापासून काजल आठवडाभर जेवली नाही नीट. धनुबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिची बॅग आधीच भरून ठेवली, वर शेवेचा डबा.

सगळ्या गावाला माहीत होतं की काजलला न्यायला मॅडम आल्यात. गावाची छाती फुगली. आणि नेमकं त्याच वर्षी प्रेमचंदशेठनं नवी गंमत काढली होती. प्रत्येक गड्याला एक फोन नंबर दिला. बघणाऱ्यांनी ज्याच्यावर भार घालायचा त्याच्या नंबरवर मिस कॉल द्यायचा. ज्याला मिस कॉल जास्त, त्याच्या गाडीवर चहाच्या थांब्याला तापीच्या वाळूची गोणी बांधायची.

मी म्हणालो, "शेठ, डोकं ठिकाणावर आहे ना?"

तर मला समजावतो, "हिंमतभाऊ, धानोराना लोके खापरवालावर टाकतीन, खापरना धानोरावालावर. भार वाटाई जाई. सर्वा बरोबर चालतीन." ऐकायला बरोबर होतं. प्रत्येकजण दुसऱ्याच्या गड्यावर भार घालणार, सगळे सारखे होणार, शर्यत अटीतटीची होणार. कागदावर सगळंच बरोबर असतं. पण गाव आमचं होतं, आणि बारागाड्यांचं होतं, हे शेठ विसरला, आणि त्या वेळी माझ्याही ध्यानात आलं नाही.

शर्यत सुटली. काजल मागून सुटून पहिल्या फेरीतच पुढे आली. मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या, हातात घड्याळ, चेहऱ्यावर काही नाही. मी त्यांच्याकडेच बघत होतो. दुसऱ्या फेरीत काजलनं दोघांच्या मधून वळण काढलं तेव्हा मॅडमच्या तोंडून "वा" निघालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवून काय करू?

पहिला चहा. माइकवर ललित होता, आमच्या गावचाच, शाळेत शिपाई. ओरडला, "सगळ्यात जास्त मिस कॉल कुणाला? काजलला!" आणि आमचं गाव उठून नाचायला लागलं. मला वाटलं, बाहेरच्यांनी डाव साधला. बघतो तर काय, आमच्याच बाया, आमचीच माणसं फोन कानाला लावून उभी! तापीबाई शेजारीण मला म्हणते कशी, "भगत, मी दोनदा लावा! पुनानी बाईले दखू दे, आपली पोर कितला भार वढस!"

अरे देवा, हे गाड्यांवर चढत होते! पोरीचा मान वाढवत होते. पुण्याच्या बाईला दाखवत होते, की बघा, आमची पोर गोण्या बांधूनही जिंकते.

एक गोणी मागच्या सीटवर बांधली गेली. काजल तरी पुढे निघाली. दुसऱ्या चहाला पुन्हा काजल, दुसरी गोणी. आता गाडीचं पुढचं चाक हलकं झालेलं मला इथून दिसत होतं. हँडल थरथरत होतं. मॅडमनी घड्याळ खिशात टाकलं आणि माझा दंड धरला.

"काका, थांबवा तिला. मला जे बघायचं ते मी बघितलं. मी घेतेय तिला. आता तिनं एकही फेरी मारायची गरज नाही."

मी धावलो. या कंबरेनं धावलो. तिसरा चहा चालू होता. काजल कप ओठाला लावून बसली होती आणि पोरं तिसरी गोणी दोरानं आवळत होती. मी ललितच्या हातातून माइक ओढला आणि जीव तोडून ओरडलो, "थांबवा रे! भार फार झाला! सोडा तिला, भार फार झाला!"

काय सांगू तुम्हाला. सगळं रान उठून उभं राहिलं. "येळकोट येळकोट जय मल्हार!" भगत म्हणतो भार फार झाला, म्हणजे आता ओढायची वेळ आली! पोरं टोप्या उडवायला लागली. ललितनं माझ्या हातून माइक परत घेतला आणि आनंदानं बोंबलला, "भगतनी सांगं, भार फार व्हयना! होऊ द्या आणखी मिस कॉल!" मी शिव्या घातल्या. आईमाईवरून घातल्या. त्या गलक्यात त्याही जयजयकारात गेल्या. प्रेमचंदशेठकडे बघितलं तर तो हात जोडून रडत होता, आनंदानं. त्याची शर्यत एकदाची रंगली होती.

मी काजलपुढे जाऊन आडवा उभा राहिलो. हातानं खूण केली, उतर, उतर खाली. तिनं हेल्मेटच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं, मग त्या नाचणाऱ्या गावाकडे पाहिलं. हसली का, ते कळलं नाही. तिनं रिकामा कप माझ्या हातात दिला आणि बाजूनं गाडी काढली.

वळणावर ट्रॅक्टरनं पाणी मारलेलं होतंच. पुढचं चाक फिरलं, पण गाडी वळली नाही. ती सरळ गेली आणि आडवी झाली. डावा हात क्लचवरच राहिला होता. तो गाडीखाली, आणि गाडीवर तीन गोण्या. तापीची वाळू, आमच्या लोकांनी प्रेमानं बांधलेली, दोर इतका आवळलेला की सोडवायला विळा आणावा लागला.

मला नंतर सांगितलं की संध्याकाळी बारागाड्या निघाल्याच. माझ्या जागी बगल्यांतला एक उभा राहिला. लोक चढले, गाड्या वेशीपर्यंत गेल्या. देवाचं काम थांबत नाही. मी नंदुरबारला दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो, अंगावर शर्यतीचाच चिखल.

हात वाचला. डॉक्टरांनी होईल तेवढं केलं. पण बोटं मिटत नाहीत. आत घातलेल्या सळ्या काढल्यावर काजल रोज त्या हातानं माझा हात दाबून बघायची, आणि विचारायची, "आबा, लागी ऱ्हायनं का?" मी म्हणायचो, हो, दाब लागतोय जरा. काही लागत नव्हतं. क्लच दाबायचा तर दाब लागतो, आणि तिच्या हातात वाळलेल्या पानाएवढाही दाब नाही. रुचिका मॅडमचे फोन येत राहिले. आधी आठवड्याला, मग महिन्याला. मग त्यांनी दुसरी मुलगी घेतली. त्यांचंही काय चुकलं? टीम काय वाट बघत बसते?

दवाखान्यात गाव लोटलं होतं. नारळपाणी, मोसंबी, भाकरी, कुणी काय, कुणी काय. आणि जो तो पलंगाशी उभा राहून डोळे पुसत सांगायचा, "काजल, मी बी लावा व्हता फोन, तुन्हा करता." आपण किती लावले ते सांगायचा. लाज नव्हती त्यात, प्रेम होतं. प्रेम होतं म्हणून तर कुणाची गचांडी धरता येईना! शत्रू असता तर मी त्याला तापीत बुडवला असता. आता कुणाला बुडवू? अख्खं गाव बुडवू?

एके दिवशी सगळे गेल्यावर धनुबाई पलंगाच्या पायथ्याशी बसली आणि पदरात तोंड घालून म्हणाली, "मी बी लावा, माय. माले वाटनं, सर्वा लोके लाई ऱ्हायनात, आपली पोर शे, आपन नही लावा ते कसं दिसी?" काजल उजव्या हातानं आईच्या डोक्यावर थोपटत राहिली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता यंदाचं सांगतो. यात्रा जवळ आली तसे प्रेमचंदशेठ आणि ललित घरी आले. शेठ वर्षात म्हातारा झाला होता. काजल ओट्यावर एका हातानं हरभऱ्याचे घाटे सोलत होती. घाटा गुडघ्याशी दाबून धरायचा आणि अंगठ्यानं फोडायचा, अशी तिनं रीत बसवलीय. शेठनं तिच्यापुढे नारळ ठेवला. म्हणाला, यंदा शर्यतीआधी तू एक फेरी मार. बिनगिअरची स्कूटी आणलीय, क्लच नाही. एका हातानं चालव. लोकांची फार इच्छा आहे. आपली पोर एका हातानंही कशी चालवते, ते सगळ्यांनी बघावं.

मी उठून त्यांना हाकलणार, तेवढ्यात काजल म्हणाली, "इसू, काका." येईन म्हणाली!

ते गेले. माझा तोल सुटला. नको नको ते बोललो तिला. अक्कल गहाण टाकलीस का? ज्यांनी हात मोडला त्यांच्यापुढे नाचायला जाणार? त्यांचं मन मोडलं तर काय आभाळ कोसळणार आहे? तुला तोंड नाही, एकदा नाही म्हणायला?

तिनं मला सगळं बोलू दिलं. घाटे सोलणं थांबवलं नाही. मग खाली बघतच म्हणाली, "आबा, यात्रामा तुम्ही कधी कोनले 'गाडावरथून उतर' असं म्हनात का?"

धनुबाई चुलीपुढून माझ्याकडे बघत होती. दारात माझे दोन्ही बगले येऊन बसले होते. बारागाड्यांच्या चाकांना वंगण घालायचं होतं, दोर तपासायचे होते. मी खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि त्यांच्याबरोबर निघालो.