पत्र्यावरचा तळवा

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि बघा. चेपलेल्या गाड्यांचे पोचे काढायचं गॅरेज आहे. दारात जावई उभा आहे, हातात लोखंडी पान्हा. त्याच्यासमोर म्हातारा डेंटर. त्याचं कपाळ फुटून रक्त भुवईवर आलंय आणि उजव्या हातातला हातोडा वर उचललेला आहे. मागे, दार काढलेल्या एका गाडीत त्याची नात अंग चोरून बसली आहे. तिची आई दवाखान्यात आहे. आईचा हात याच जावयाने मोडलाय.

"पोरगी माझी आहे," जावई म्हणाला. "बाजूला हो, सासरेबुवा. नाहीतर दुसरा टोला खाशील."

हातोडा पडला असता तर जावई उठला नसता. म्हाताऱ्याचा हात किती जड, ते गल्लीला ठाऊक होतं. बायको गेल्यापासून रिकामं घर त्याला खायला उठायचं. मग तो भांडी भिंतीवर आपटायचा, आणि तेवढ्याने भागलं नाही की रस्त्यावर येऊन कुणाची तरी कळ काढायचा. शेजारच्या टायरवाल्याचा पुढचा दात त्याने असाच पाडला. मारामारीत निदान कुणीतरी आपल्याकडे बघतं, एवढीच त्याची भूक होती. आणि दर मारामारीनंतर बोलणारं एक माणूस कमी व्हायचं.

एकदा विहारातले वृद्ध भन्ते चेपलेली गाडी घेऊन आले. शब्दाला शब्द लागला, याने ढकललं, भन्ते पत्र्यांवर कोसळले. कोपर सोलवटलं. ते तिथेच बसून त्याचं काम बघत राहिले.

"ठोकण्याआधी डोळे मिटून हात का फिरवतोस?"

"पोचा कुठवर पसरलाय ते डोळ्याला दिसत नाही, भन्ते. न चाचपता ठोकलं की पत्रा ताणला जातो. मग जन्मात बसत नाही."

"मग आतही तसाच हात फिरव. रोज एकटा बस, येणारा-जाणारा श्वास बघ. दुखेल तिथे थांब. ठोकू नकोस."

"एकटाच तर मरतोय मी."

"एकटा कुठला? आत गल्लीभर माणसं घेऊन भांडत बसतोस. त्यांना घरी पाठव, मग एकांत काय ते कळेल."

पहिल्यांदा बसला तेव्हा त्याने चिडून भिंतीवर स्वतःचीच मूठ फोडली. तरी दुसऱ्या सकाळी पुन्हा बसला. महिने गेले. भांडी फडताळातच राहिली. टायरवाल्यापुढे त्याने एकदा मान खाली घालून चहाचा पेला धरला. घर तितकंच रिकामं होतं, पण आता खायला उठत नव्हतं.

आणि आज हातोडा वर होता. म्हाताऱ्याने डावा तळवा छातीवर ठेवला. आत आग होती, आगीखाली भीती, आणि सगळ्यात तळाशी हात मोडलेली लेक. पोचा तिथवर गेला होता. त्याने श्वास सोडला, हातोडा खाली ठेवला आणि नातीच्या गाडीची वाट अडवून मांडी घातली.

जावयाने खांद्यावर पान्हा हाणला. मग बरगडीत लाथ. म्हातारा हलला नाही.

"मार. पण पोर मिळणार नाही."

आवाज ऐकून टायरवाला धावला, त्याच्यामागे गल्ली. त्याने जावयाचं मनगट पिरगाळून पान्हा काढून घेतला. "माझा दात याने रिकाम्या हाताने पाडलाय. तो बसलाय तोवर नीघ."

जावई गेला. जाता जाता एका गाडीची काच फोडून गेला.

नात गाडीतून उतरली. आजोबांजवळ आली, डोळे मिटले, आणि त्यांच्या खांद्यावरची सूज कुठवर पसरलीय ते हलक्या तळव्याने चाचपू लागली.