आखाडाचा पहिला रविवार

मी टोप बोलतोय. तांब्याचा, आतून कल्हई केलेला, दोन कानांचा. चार-सहा माणसांचं मटण रश्श्यासकट आरामात मावेल एवढं माझं पोट. एका घरात मला टोप म्हणतात, दुसऱ्या घरात गंज. मी दोन्ही हाकांना ओ देतो. भांड्याला कसला आलाय मान आणि कसला अपमान, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

माझा जन्म पुण्यातल्या तांबट आळीतला. हातोडीचे ठोके खाऊनच मी आकाराला आलो. त्याच्या खुणा अजून अंगावर आहेत. तिथून मला दोन माणसांनी मिळून उचललं. एक हिंमतराव, दुसरे पोपटराव. दोघं स्वारगेटच्या डेपोत, एकाच बसवर. हिंमतराव ड्रायव्हर, पोपटराव कंडक्टर. राहायलाही दोघं कात्रजला, एक गल्ली सोडून. एकाच्या घंटीवर दुसऱ्याचा ब्रेक लागायचा, इतकं सूत.

मला घेतलं ते आखाडासाठी. श्रावण लागला की मटण बंद, म्हणून त्याआधीच्या आखाडात लोक हात राखत नाहीत. ही दोन कुटुंबं दरवर्षी एका शनिवारी कात्रजचा घाट उतरायची आणि भोरकडच्या एका खेड्यात गोदाबाईंकडे मुक्काम टाकायची. गोदाबाई म्हणजे पोपटरावांच्या ओळखीची म्हातारी. पडवी तिची, चूल तिची, भाकरीही तिची. रविवारी रस्सा, ढेकर आणि संध्याकाळी परत पुणं. हिंमतरावांची एक बाटली टॉवेलात गुंडाळून यायची. पोपटरावांनी दारू कधीच सोडली होती. ते ताक प्यायचे आणि हिंमतरावांपेक्षा जास्त बडबडायचे.

मी एक वर्ष या घरी, एक वर्ष त्या घरी. त्यामुळं मला दोन्हीकडचं ठाऊक आहे. सावकाश सांगतो.

पोपटरावांचं घर बौद्धांचं. त्यांची बायको प्रेमलाबाई वऱ्हाडातली, मला गंज म्हणणारी. तिच्याकडे मी स्वयंपाकघरातल्या माळ्यावर असायचो, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. हिंमतरावांच्या घरी मुक्ताबाईंचं राज्य. तिथं माझी जागा गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या मागं. सहलीच्या आधी पोपटरावांकडून मी परत आलो की मुक्ताबाई मला चिंच-राखेनं घासायच्या, वरून कढत पाणी ओतायच्या आणि मग कल्हईवाल्याला बोलवायच्या. तो बिचारा म्हणायचा, "मावशी, कल्हई चांगली आहे की अजून." मुक्ताबाई म्हणायच्या, "असू दे. तुम्ही करा." मला वाटायचं, काय ही बाई जीव लावते मला! आपल्या नशिबाला असं घर आलं म्हणून मी चकाकत बसायचो. ती माया नव्हती, विटाळ काढणं होतं, हे कळायला किती वर्षं गेली बघा.

प्रेमलाबाईंना ते आधीच कळलं होतं. मुक्ताबाई त्यांच्या घरी आल्या की दारातूनच म्हणायच्या, "चहा नको हं, आत्ताच झाला." दरवेळी आत्ताच झालेला असायचा. हिंमतराव मात्र दोन दोन कप प्यायचे आणि आपण किती मोकळे आहोत म्हणून खूश असायचे.

आणि आखाडाची गंमत ऐका. आषाढी पुनवेपासून प्रेमलाबाईंचा वर्षावास लागतो. तीन महिने त्या रोज विहारात ग्रंथवाचनाला बसतात आणि तेवढे दिवस मटणाला हात लावत नाहीत. हा त्यांचा स्वतःचा नेम. मुक्ताबाईंना तो पाठ होता. म्हणून सहलीचा दिवस ठरायचा तो कायम पुनवेनंतरचा. "आखाडाचा शेवटचा रविवार, तोच खरा," असं त्या म्हणायच्या. मग रस्सा आपोआप मुक्ताबाईंनी करायचा. प्रेमलाबाई कांदा चिरून द्यायच्या आणि आपली भाकरी-चटणी घेऊन बाजूला बसायच्या. कुणी कुणाला तोडून बोललं नाही, भांडण नाही, काही नाही. सगळं कसं तिथीवर ढकललेलं.

प्रेमलाबाईंच्या मनात एकच होतं. माझ्यात एकदा आपण रस्सा करावा आणि हिंमतरावांच्या घरानं तो सगळ्यांसमोर खावा. लुगड्यानं मला पुसताना त्या पुटपुटायच्या, "गंजा, तुयी मायी गाठ कधी पडन रे बापा?"

यंदा मी हिंमतरावांच्या गॅलरीत होतो. सहलीचं ठरवायला सगळे त्यांच्या हॉलमध्ये जमले. गॅलरीचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

हिंमतरावांचा मुलगा अभिनव हिंजवडीला नोकरीला. त्यानं फोन पुढं केला. "बाबा, दरवर्षी तीच पडवी काय? नाशिकला जाऊ. वायनरी आहे, टेस्टिंग आहे, स्विमिंग पूल आहे. सगळं पॅकेजमध्ये."

पोपटराव म्हणाले, "द्राक्षं आंबवलेली चाखायला एवढ्या लांब? मंडईत उन्हाळ्यात फुकट वास येतो."

सगळे हसले. तेवढ्यात पोपटरावांची मुलगी चैताली म्हणाली, "काका, आपण गोदाआजीकडेच जाऊ. फक्त यंदा रविवार पहिला धरू. एकादशीच्या आधीचा. म्हणजे आईचा वर्षावास लागलेला नसेल. यंदा रस्सा आई करेल."



"का गं?" मुक्ताबाई म्हणाल्या. "माझ्या हाताला किडे पडले का?"

"तसं नाही काकू. तुमच्या हातचं दरवर्षी खातो. एकदा आईच्या हातचं."

"पहिल्या रविवारी कोण खातं? एकादशी व्हायचीय अजून."

"गेल्या वर्षी अभिनवचा वाढदिवस एकादशीच्या आधी होता. बिर्याणी मागवली होती तुम्ही. मला फोटो आला होता."

अभिनव फोनमध्ये बघायला लागला.

"हे बघ," मुक्ताबाई म्हणाल्या, "तुमच्यातलं तिखट आमच्या यांना सोसत नाही."

"तुमच्यातलं म्हणजे कुणातलं, काकू?"

"म्हणजे तुमच्या वऱ्हाडातलं! तू शब्दात पकडू नकोस मला. शिकलीस म्हणून काय झालं?"

"तिखट कमी घालते मी," प्रेमलाबाई हळूच म्हणाल्या. "भाऊजींना सोसन तेवढंच."

"अहो, पण मला त्या दिवशी उपास आहे."

"कसला?" चैतालीनं विचारलं.

"आहे एक."

"आत्ताच लागलेला दिसतोय."

"चैताली!" पोपटराव ओरडले. मग ते हिंमतरावांकडे वळले. "हिंमत, तू बोल. एवढी वर्षं एका बसवर काढली. माझ्या डब्यातली भाकरी तू खाल्लीस. बोल की."

हिंमतराव चष्मा पुसत होते. "तारखांचं बायकांनी ठरवायचं बाबा," ते म्हणाले. "आपण काय, गाडी चालवणारी माणसं."

प्रेमलाबाई उठल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही तो चढला नाही. "गंज द्या मुक्ताताई. आम्ही पहिल्या रविवारी जातो. ज्याला यायचं त्यानं यावं."

"न्या की. गॅलरीतली अडगळ कमी होईल. पण अर्धा आमचा आहे, ध्यानात ठेवा."

"मग अर्धा कापून देऊ का?" पोपटराव म्हणाले. "का कल्हई तेवढी खरवडून ठेवता?"

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. मला एकट्यालाच नव्हतं. चैतालीनं एक कान धरला, पोपटरावांनी दुसरा, आणि मला जिना उतरवला. पाठीमागं दार आपटलं.

पहिल्या रविवारी आम्ही गोदाबाईंच्या पडवीत होतो. पाऊस सडासड पडत होता. प्रेमलाबाईंनी पदर खोचला आणि चूल पेटवली. मी माझ्या जन्मात इतका सावकाश कधी तापलो नव्हतो. त्यांनी कांदा काळजीनं परतला. खोबरं, खसखस निखाऱ्याच्या धगीवर भाजून वाटली. शेवटी मूठभर भाजलेलं ज्वारीचं पीठ रश्श्याला लावलं. मिरची मात्र दोनदा हातात घेतली आणि दोनदा थोडी परत ठेवली. येईल कुणी, म्हणून.

आणि आला. काड्या मोडलेल्या छत्रीसारखा भिजलेला एक माणूस स्कूटर पडवीला टेकवत होता. हिंमतराव. एकटेच.

"आलास रे!" पोपटराव धावले. "मला ठाऊक होतं! चैताली, ताट आण काकाला. टॉवेल आण!"

हिंमतराव पाटावर बसले. ताटात भाकरी पडली. वासानं त्यांचे डोळे मिटले. "वहिनी, काय घमघमाट सुटलाय! वेशीपासून येतोय." प्रेमलाबाईंचा चेहरा चुलीपेक्षा उजळ झाला. पळी माझ्यात बुडवून त्यांनी भरून वर काढली.

"फक्त एक करा," हिंमतराव म्हणाले. "मुक्ताला मी सांगितलंय, डेपोतल्या जुन्या मंडळींकडे चाललोय. तेवढं तिच्यापाशी बोलू नका कुणी."

पळी हवेत थांबली. रश्श्याचे दोन थेंब परत माझ्यात पडले.

"म्हणजे चोरून आलात भाऊजी?"

"चोरून नाही हो. घरात शांतता राहावी म्हणून."

"तुमच्या घरातली शांतता आजवर मीच सांभाळली. भाकरी-चटणी खाऊन सांभाळली." त्यांनी पळी माझ्यात परत सोडली. "आता तुम्ही सांभाळा. फोन लावा मुक्ताताईंना. सांगा, प्रेमलाच्या हातचं जेवायला बसलोय. मग वाढते, पोट फुटेस्तोवर वाढते."

हिंमतरावांनी खिशातून फोन काढला. अंगठा काचेवर फिरवला. "रेंज नाही इथं," ते म्हणाले.

गोदाबाई चुलीशी भाकरी थापत होती. तिला बिचारीला यातलं काही माहीत नव्हतं. "हाय की रेंज," ती म्हणाली. "माझा नातू हितंच बसून तासंतास बोलतो. फुल हाय."

हिंमतराव फोनकडे बघत राहिले. एवढी मोठी बस घाटातून उतरवणारा माणूस, त्याच्या अंगठ्यात बळ राहिलं नव्हतं. त्यांनी ताट बाजूला सरकवलं, भाकरीला नमस्कार केला आणि उठले.

"हिंमत, बस रे," पोपटराव म्हणाले. "अरे, बस."

स्कूटर चालू व्हायला वेळ लागला. तेवढ्या वेळात ते परत येऊ शकले असते. आले नाहीत.

पोपटराव बायकोवर उखडले. "वाढायचं होतंस गं! भिजून आला होता. एवढा ताठा कशाला? तुमच्याकडे म्हणतात तसं, काहून?"

"तुमचा दोस्त आहे. जा त्याच्या मागं. गंजही न्या, रस्त्यात चोरून वाढा."

पोपटराव पडवीच्या कडेपर्यंत गेले आणि मग येऊन त्याच पाटावर बसले. प्रेमलाबाईंनी त्यांना वाढलं, चैतालीला वाढलं, गोदाबाईला वाढलं. शेवटी स्वतःचं ताट घेतलं आणि माझ्यातला रस्सा खाल्ला. माझ्यातला त्यांचा तो पहिला घास. तिखट अंमळ कमीच पडलं होतं. त्यांनी वरून कच्ची मिरची घेतली आणि कराकरा चावली.

आता मी पोपटरावांच्याच घरी असतो, माळ्यावर. मुक्ताबाईंनी मोठं स्टीलचं पातेलं घेतलंय म्हणतात. मला मागायला कुणी आलं नाही. हिंमतराव कधी कधी खालच्या टपरीवर पोपटरावांबरोबर चहा घेतात. पोपटराव वर बोलावत नाहीत आणि ते येत नाहीत. दोघं पावसापाण्याचं बोलतात. एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, असं चैताली सांगते.

मी भांडं आहे. कुणाच्या हातचं माझ्यात शिजलं त्यावरून माझं तांबं काळं-गोरं होत नाही, एवढं मला अनुभवानं सांगता येतं. हिंमतराव, तुमच्यावर माझा राग आहे. आणि अर्धा मी तुमचाही आहे, म्हणून तो जास्त आहे. रस्सा पुन्हा होईल. पुढच्या आखाडात पहिल्या रविवारी चूल पेटेल, तिखट तुम्हाला सोसेल तेवढंच पडेल. या. पण घरी सांगून या.