खांबावरचा एकतीस

“रेल्वेच्या पडलेल्या स्लीपरांतले खिळे काढ हवे तेवढे, ल्युएला. पण उभ्या खांबाला हात लावू नकोस,” व्हर्जिलने बायकोला बजावलं होतं.

“बोटभर खिळा तो! त्याने काय खांब कोसळणार आहे?”

“खांब नाही गं. वर चढणारा.”

ती हसली. आणि मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण खांबावरून ऐकणारा मीही हसलो.

मी एक जुना खिळा आहे. माझ्या गोल डोक्यावर दोन आकडे उठवलेले आहेत : ३१. एकोणीसशे एकतीस साली कॅन्ससमधल्या हार्लन क्रीक गावात विजेचे खांब उभे राहिले, तेव्हा प्रत्येक खांबात छातीच्या उंचीवर असा एक खिळा ठोकला. खांबाचं वय सांगायचं, एवढंच आमचं काम. लाइनमन चढण्याआधी अंगठ्याने माझं डोकं पुसायचे. “आजोबा आहेत, सांभाळून रे!” असं म्हणून खांबाच्या बुडाशी माती उकरून लाकूड कुजलंय का ते टोचून बघायचे. त्रेचाळीस वर्षं हे चाललं. मला मात्र ते काम कमीपणाचं वाटे. दोन क्षणांपलीकडे माझ्याकडे बघतो कोण?

ल्युएलाने बघितलं. ती निवृत्त शिक्षिका. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर हिंडून तिने स्लीपरांतले असेच सालाचे खिळे जमवले होते आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर सालांच्या क्रमाने लावले होते. फक्त एकतीसची जागा रिकामी होती. एका दुपारी तिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं आणि पक्कड काढली. गंजलेले खिळे लाकूड घट्ट धरून ठेवतात. मी धरून ठेवलं नाही.

मग काय, कौतुकच कौतुक! खिळे जमवणाऱ्यांच्या मेळाव्यात तिच्या फळीला पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली.

“एकतीस कुठे गावला हो?” एकाने विचारलं.

“रेल्वेमार्गावर,” ती म्हणाली. मी चमकत राहिलो.

वसंतातल्या वादळानंतर एका सकाळी व्हर्जिल घाईघाईने घरात आला. “आपला लायल खांबावरून पडला. कंबर मोडलीय.”

लायल नायगार्ड समोरच्याच घरात राहणारा तरुण लाइनमन. ल्युएलाचा जुना विद्यार्थी.

“खिळा शोधला म्हणे त्याने, नुसतं भोक होतं. शेजारच्या, मागाहून बदललेल्या खांबावर अठ्ठावन्न वाचलं, हाही तेवढाच असेल असं धरून चढला. आतून पार कुजलेला होता गं.”

व्हर्जिलने फळीकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं नाही.

ल्युएलाने फळी भिंतीकडे तोंड करून ठेवली. सात आठवडे मी भिंत बघत होतो. ती मक्याचा ब्रेड भाजायची आणि व्हर्जिलच्या हाती लायलकडे पाठवायची. स्वतः एकदाही गेली नाही.

शेवटी एका रविवारी तिने मला मुठीत घेतलं आणि रस्ता ओलांडला. लायल खुर्चीत होता. त्याची वर्षाची मुलगी खुर्चीला धरून उभी होती.

“हा त्या खांबाचा. मी काढला होता.”

लायलने मला उलटसुलट केलं. सवयीने अंगठ्याने माझं डोकं पुसलं. माझ्या आयुष्यात मला त्या स्पर्शाइतकं काही बोचलेलं नाही.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे तुम्हीच शिकवलं होतंत ना?”

मला त्याच्याच हातात सोडून ती निघून गेली.

आता मी लायलच्या खिडकीत असतो. समोर ल्युएलाचं घर दिसतं. त्या रविवारपासून तिचे पडदे उघडलेले नाहीत. टपाल घ्यायला व्हर्जिल एकटाच बाहेर येतो. परवा लायलने बायकोला विचारलं, “बाईंचा ब्रेड यायचा बंद झाला का गं?” मग कितीतरी वेळ तोही त्या पडद्यांकडे बघत बसला. कुबड्या घेऊन तो सध्या दारापर्यंतच पोचतो. रस्ता अजून लांब आहे. मला तर पायच नाहीत.

मित्रांनो, कुठली वस्तू लहान दिसली म्हणून तिचं काम लहान समजू नका. आणि माझं एक ऐका. त्या रस्त्याने गेलात तर ल्युएलाचं दार वाजवा. लायल ब्रेडबद्दल विचारत होता, एवढंच सांगा. ती लवकर उघडणार नाही. तरी थांबा, पुन्हा वाजवा.